कापसाच्या खोलीतला आवाज

१

आईचा आवाज मैत्रीला आधी ऐकू यायचा, आई नंतर दिसायची. पहाटे डोळे मिटलेले असायचे, जात्याची घरघर गोधडीखालच्या भुईतून अंगात चढायची, आणि त्या घरघरीवर आई आपला गळा असा अलगद ठेवायची, जसं वाहत्या पाण्यावर कोणी पान सोडावं.

नागनाथाच्या माळावरी टिपूर चांदणं
तिथं हरपलं गं माह्या मैनाचं पैंजण

मैना म्हणजे मैत्री. माळ म्हणजे हिवरधरा गावाच्या मागचा काळ्या दगडांचा उंचवटा. वर नागनाथाची ठेंगणी देवळी. पैंजण खरंच हरवलं होतं की ओवीपुरतं, हे विचारायचं राहूनच गेलं. मैत्री पहिलीत होती तेव्हा एका सकाळी जातं मुकं राहिलं. ओढ्याच्या डोहाशी आईचं लुगडं सापडलं, आई सापडली नाही. भागीरथा डोहात गेली, असं गावानं ठरवलं. ती आपल्या पायानं गेली की तिच्या नवऱ्यानं, चंपतनं, ढकलली, एवढंच ठरवायचं उरलं होतं, आणि मैत्री शिकून मास्तरीण झाली तरी गाव ते ठरवतच होतं. पोलिसांनी चंपतला नेलं, सोडलं. त्यानं तिथंही तोंड उघडलं नाही आणि घरीही नाही.

मैत्रीनं तरी कुठं विचारलं होतं? भाकरी वाढताना ती बापाच्या हातांकडे पाहायची. हेच का ते हात? मग आपलीच लाज वाटून जास्तीचं कालवण वाढायची.

आणि आज, उन्हं उतरताना, तो आवाज पुन्हा आला. टीव्हीतून.

मागच्या हिवाळ्यात हिवरधऱ्यात एका मराठी मालिकेचं चित्रीकरण झालं होतं. मालिका विज्ञानकथेची, नाव ‘आभाळातली पाहुणी’, आणि हा तिचा पहिला सीझन. दुसऱ्या ताऱ्यावरून आलेली, अंग नसलेली कोणी एक पाहुणी सीमेवरच्या खेड्यात, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग गिरणीत उतरते. गाव तिला भितं, आणि शाळेची बाई तेवढी तिच्याशी बोलायला शिकते, अशी गोष्ट. जिनिंग गावप्रमुख सुधाकरराव पटेलांची होती. नटनट्यांना इकडची बोली शिकवायला जवळच्या बोथ गावच्या शाळेतून मैत्री यायची. आपलं गाव पडद्यावर दिसतं म्हणून सगळं हिवरधरा दर आठवड्याला पटेलांच्या अंगणात टीव्हीपुढं बसायचं. एरवी त्या अंगणात पाय न टाकणारा चंपतसुद्धा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा असायचा.

आजवर पाहुणी नुसती दिव्यांच्या लुकलुकीतून बोलत होती. आज पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. संथ, लांबलेला, विहिरीच्या तळातून वर यावा तसा:

लेक माही मास्तरीण बोथाच्या शाळेत
फळ्यावर लिहिते गं आभाळ ओळीत

अंगणातली लेकरं गप्प झाली. चहाचा ट्रे घेऊन फिरणारी बयनाबाई, म्हणजे पटेलांची धाकटी भावजय, ट्रे खाली ठेवून पुढं गेली आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला. पण उशीर झाला होता.

“बाप्पा!” मैत्रीच्या शेजारची सोनाबाई छातीवर हात ठेवून उठली. “भागीरथा! भागीरथाचा गळा हाये हा!”

सगळ्यांच्या माना एकाच वेळी गोठ्याकडं वळल्या. खांब रिकामा होता. चंपतच्या वहाणा तिथंच पडल्या होत्या. तो अनवाणीच निघून गेला होता.

२

सकाळपर्यंत आवाजाला पाय फुटले. कोणी तो डोहावर ऐकला, कोणी जिनिंगच्या पत्र्यावर. एका म्हातारीनं तर आपल्या कोंबड्यानं त्याच चालीवर बांग दिली म्हणून सांगितलं. पण ज्या गोष्टीनं सगळ्यांच्या अंगावर काटा आणला, ती निराळीच होती. भागीरथा गेली तेव्हा पोर पाटीवर रेघोट्या ओढत होती. पोर मास्तरीण झाली हे डोहातलीला कळलं कसं?

सुधाकरराव पटेल चंपतच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

“चंपत, थो आवाज माह्या जिनिंगमधून निघाला. माह्या घराच्या भिताडाले लागून हाये थे. घरात सून गरोदर. समजून राह्यला ना तू?”

चंपत विळ्याला धार लावत होता. लावतच राहिला.

“आयतवारी चावडीवर बसू. पल्याडच्या गावातून एक जाणता येऊन राह्यला, मंत्रानं जागा बांधाले. तू सगळ्यांसमोर तळहातावर कापूर जाळून सांग, म्या बायकोले मारलं नाही. नाही तं गाव सोड.”

“पटेल,” मैत्री पुढं झाली, “टीव्हीवरल्या मालिकेपाई माणसाले गावातून काढता?”

“मास्तरीणबाई, मालिकेत तुमच्या शाळेचं नाव कोणं घातलं? तुमी?”

“मी नाही.”

“तेच म्हणून राह्यलो मी.”

पटेल गेले. विळ्याची सळसळ थांबली.

“बाबा, आयतवारी सांगून टाका ना. एक वाक्य तं हाये.”

चंपतनं वर पाहिलं. “कापूर हातावर घेईन. बोलणार नाही.”

“काऊन?”

“त्या टीव्हीच्या नादी लागू नको, माय. जे चालून राह्यलं थे चालू दे.”

निर्दोष माणूस एका वाक्याला इतका का घाबरावा? त्या क्षणी तिला आवाजापेक्षा उत्तराचीच भीती वाटली. तरी तिनं पर्स उचलली आणि हायवेवर येऊन निर्मल शहराची बस धरली. पटकथा तिनं वाचली होती. तिथं ओवी नव्हती, नुसतं ‘पाहुणीचा आवाज’ एवढंच होतं. मग ओवी घातली असेल तर ती आवाज रेकॉर्ड करणाऱ्यानंच.

३

आवाज घेणारा कुलदीप निर्मलचा. लग्नाच्या शूटिंगचं त्याचं दुकान. शेजारी लाकडी खेळण्यांचा कारखाना, दारात रंग सुकायला ठेवलेले पोपट आणि सीताफळं. मैत्रीला पाहताच तो हसला, मग कशासाठी आली ते ऐकून हसू गिळलं.

“आवाज? कम्प्युटरवर बनवला मॅडम. डायरेक्टर तर एकदम खूश. पुढच्या सीझनला मलाच बोलावतो म्हणाले.”

“कम्प्युटरले बोथ गाव माहीत हाये?”

“आजकाल सगळं असतं मॅडम त्यात.”

“आणि माही आई?”

कुलदीप खुर्चीत मागं सरकला. मैत्रीनं त्याला सगळं सांगितलं: डोह, लुगडं, आयतवारची चावडी. तो उठला, दुकानाचं दार लोटून आला, आणि खाली मान घालून बोलू लागला.

“मॅडम, आमच्या कामात शांतता पण रेकॉर्ड करावी लागते. जागेची आपली एक शांतता असते ना, ती. नंतर संवादाच्या खाली पसरायची. गावात कुठं मिळेल? कुत्रे, ट्रॅक्टर, हायवे. मग पटेलांच्या जिनिंगमधली कापसाची खोली सापडली. कापूस छतापर्यंत. आत बोललं की आवाज तोंडातून पडतो आणि मरतो. मी माइक कापसात खोचला, मशीन चालू केली, दाराला बाहेरून कडी घातली आणि चहाला गेलो. आलो तेव्हा कडी तशीच होती. आणि मशीनमध्ये…”

“बाई गात होती.”

“आई शप्पथ मॅडम, खोलीत कोणी नव्हतं. मी रात्रभर जागा होतो. डायरेक्टरला खरं सांगितलं असतं तर मशीन सोडून चहा पीत होतो हे कळलं असतं. म्हणून म्हटलं, मीच बनवला. थोडा संथ केला, घुमवला.”

“म्हणजे कोणाचाही गळा तसाच लागला असता.”

“तसं… हो. संथ केला की पोरगी पण म्हातारी वाटते.”

“मले मूळचा ऐकव. न कापलेला.”

त्यानं तिच्या कानांवर हेडफोन चढवले. आधी काहीच नव्हतं. असं काहीच नव्हतं, की स्वतःचं रक्त ऐकू यावं. मग कापसात काही तरी दबलं, कोणी बसलं, आणि गळा उमटला. नेहमीच्या वेगाचा, थोडा घोगरा, माणसाचा.

मास्तरणीची ओवी झाली. पुढं लांब गप्प. मग हळूच: “हं.” पुन्हा गप्प. “हं, हं. मंग?” पुन्हा तीच ओवी, एक शब्द सुधारून. मग थोडं हसू, आणि दुसरी ओवी:

देवाच्या त्या माळावरी टिपूर चांदणं
तिथं हरपलं गं माह्या मैनाचं पैंजण

चाल तीच. पैंजण तेच. पण कुठं तरी खडा लागला होता, भातात लागतो तसा. तिनं ती ओळ पुन्हा ऐकली, पुन्हा ऐकली.

“भूतच ना मॅडम?” कुलदीपनं दबक्या आवाजात विचारलं.

“भूत ‘हं’ कोणाले म्हणते रे?” मैत्री म्हणाली. “थे कोणाचं तरी ऐकून राह्यली होती.”

४

सोनाबाई आईची जिवाची मैत्रीण. दोघींची घरं एकाच आळीत, जातंही कधीकधी एकच. मैत्रीनं तिला निवडत्या ज्वारीवरून उठूच दिलं नाही.

“मावशी, तूच गेली होतीस ना कापसाच्या खोलीत?”

“मी? पटेलाच्या घरात?” सोनाबाई हसली तेव्हा तिच्या घशातून शीळ वाजली. “दम्यानं माहा गळा गेला माय. एक ओवी म्हणतो म्हटलं तं दोन खोकले लागते. ऐक.” तिनं म्हणून दाखवलंच: “नागनाथाच्या माळावरी…” आणि खोकल्यानं वाकली.

मैत्रीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. खडा कुठं लागला ते तिला आता कळलं. आईही असंच म्हणायची, नागनाथाच्या. रेकॉर्डिंगमधली बाई देवाच्या म्हणाली होती. म्हणजे ती आई नव्हती. त्या क्षणी मैत्रीच्या आत काही तरी विझलं.

“मावशी, आई काऊन गेली?”

सोनाबाईनं सुपातले खडे उगाचच वेचले. “तुले कोणीच सांगतलं नाही? पटेलाचा पोरगा देवानंद तवा लहान. त्याले झटके येत. अंगणातली गंजी जळाली, कौलावर गोटे पडले. लोक म्हणाले, भानामती. कोणं केली? तं भागीरथानं. अशा बाईचे दात पाडते माय. दात पाडले की मंत्र तोंडातून निघत नाही म्हणते. पटेलाच्या गड्यांनी पक्कडही आणून ठेवली होती. त्याच रात्री थे गेली. अन् गेली तसा पोरगा बरा झाला! मंग काय, गावाले पुरावाच भेटला.”

“आईनंच केली होती भानामती?”

“तुही आई?” सोनाबाईचे डोळे भरले. “तिले तं मुंगी मारता येत नव्हती. पण थे नेहमी गुणगुणे. एकटी असली तरी. लोकायले एकट्या बाईचं गुणगुणणं सहन होत नाही.”

मैत्रीला आठवलं: पटेलांच्या घरून कापसाच्या खोलीला आणखी एक दार होतं, परसातून. कुलदीपनं कडी घातली ती बाहेरच्या दाराला, हे दार आतलं. कुलदीपला ते दिसलंच नव्हतं, कारण त्याच्यापुढं कापूस होता. म्हणजे त्या घरातली बाई. दोनच होत्या: बयनाबाई आणि देवानंदची बायको मयूरी.

मयूरी परसात पाय लांब करून बसली होती, मोबाइल पोटावर ठेवून.

“या मास्तरीणबाई! भूत पकडाले आल्या?”

“तू गाते का गं?”

“मी? रील बनवते. ओव्या-बिव्या मले येत नाही. अन् लग्न होऊन आली तवा शूटिंग संपलं होतं, नाही तं हिरोईनच झाली असती.” ती खिदळली. “ह्या घरात तं बोलायचीच चोरी. मी नवऱ्याले देवानंद म्हणते तं मामंजीले ठसका लागते. बयनाकाकूचं तं इचारूच नका. काकाजीचं नाव नागनाथ ना, देवाच्या नवसानं झालेले. तं काकू देवळात गेली तरी देवाचं नाव घेत नाही! ‘माळावरचा देव’ म्हणते. पुजारी परवा म्हणे, कोणाच्या नावानं अभिषेक? तं ही म्हणे, तुमीच घ्या बाप्पा त्याचं नाव, मी हात जोडते.”

मैत्रीला हसू आलं नाही. तिच्या कानात तीच ओळ वाजली. देवाच्या त्या माळावरी.

“बयनाकाकू कुठं हाये?”

“कापसाच्या खोलीत. दुपारची तिथंच लवंडते. म्हणते, गार वाटते. गार कसली, अंगभर खाज आणते घरी.”

५

खोलीत भाव वाढायची वाट पाहणारा कापूस अजून अर्ध्या भिंतीपर्यंत होता. झरोक्यातून एक उजेडाची चीर आली होती आणि त्या चिरेत धूळ तरंगत होती. मैत्रीनं दार लावलं तसं जग बंद झालं. कावळा, ट्रॅक्टर, मयूरीचं हसू, सगळं कोणी पदराआड घेतल्यासारखं. कापसात बसलेली बयनाबाई बोंडातली सरकी काढत होती. तिच्या दंडांवर तांबडे चट्टे होते.

“काकू, आवाज तुमचा हाये.”

बयनाबाईनं वर पाहिलं नाही. “टीव्हीतला? लेकी, मी कुठची आभाळातली.”

“त्या दिवशी कुलदीपनं इथं माइक खोचला होता. गावातली सगळ्यात मुकी जागा म्हणून. तुमीही तेवढ्यासाठीच इथं येता. तुमाले माइक दिसला नाही, त्याले परसातलं दार दिसलं नाही. माही आई नागनाथाच्या माळावरी म्हणे. तुमी नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून देवाच्या म्हणाल्या. टीव्हीवर थे ओळ आली नाही, नाही तं मयूरीनंसुद्धा ओळखलं असतं.”

“बरं. माहा आवाज. भागीरथानं शिकवलेली ओवी म्हणली. पाप केलं?”

“शिकवली कधी?”

“तवाच. जितेपणी.”

“मी शाळेत शिकवते, हे तिनं तवाच म्हणलं?”

सरकी बयनाबाईच्या बोटात थांबली.

“अन् तुमी मधी मधी हं म्हणता, काकू. मंग इचारता. एक शब्द चुकला तं सुधारून म्हणता. कोणी तरी तिकडून शिकवून राह्यलं होतं. तुमच्या कानाले फोन होता. ओवी नवी होती, अन् ज्या बाईनं केली, तिची लेक मास्तरीण हाये.” मैत्री थांबली नाही. “गावात बोथच्या शाळेत शिकवणारी मी एकटीच हाये, काकू. माही आई जिती हाये.”

कापसानं ते वाक्य गिळलं. भिंतीला लागून परत येणारा काही नाद नाही, काही नाही. बयनाबाईनं पदर तोंडात धरला.

“ह्याच घरात पक्कड ठेवली होती, ह्याच घरच्या पाटावर,” ती शेवटी म्हणाली. “मी पाहून आली अन् मागल्या दारानं तुह्या बापाले निरोप देल्ला. एवढंच केलं म्या. मंग कित्येक वर्सांनी फोन आले तवा तिनं माहा नंबर मिळवला. तू मास्तरीण झाली हे मीच सांगतलं. लय वेळ तिकडून कोणी बोललंच नाही. मले वाटलं, फोन कटला. अन् मंग हे गाणं आलं.”

“कुठं हाये थे?”

“ते माह्या तोंडून नको, मैना. मी तं नुसती कडी काढली. ओझं ज्यानं वाह्यलं, त्याले इचार.” तिनं डोळे पुसले. “अन् ऐक. हे चावडीवर बोलली तं पुन्हा पक्कड निघन. सुधाकरदादा मानणार नाही का तिनं काही केलं नव्हतं म्हणून. थे गेली अन् पोरगा बरा झाला, एवढं एकच त्यायले माहीत हाये.”

“मंग बाबाचं काय? आयतवारी?”

बयनाबाई उठली, लुगड्याला चिकटलेला कापूस झटकू लागली. झटकता झटकता तिचा चेहरा काही ठरवल्यासारखा झाला.

६

चावडीवर पलीकडून आलेला जाणता लिंबं मांडून बसला होता. सुधाकरराव मधोमध, देवानंद त्यांच्या मागं, मान खाली. चंपतपुढं कापराची वडी ठेवली होती. त्यानं हात पुढं केला. तळहात सरळ, बोटं न थरथरता.

“बोल,” पटेल म्हणाले.

चंपत बोलला नाही. गर्दीतून कोणी तरी “पाह्यलं?” म्हणालं. जाणत्यानं काडी पेटवली.

“इझवा थे!”

बाया बसायच्या बाजूनं बयनाबाई आली. जन्मात कधी चावडीवर न बोललेली. डोक्यावरचा पदर तिनं आणखी पुढं ओढला आणि उभ्यानंच गायला लागली. लेक माही मास्तरीण बोथाच्या शाळेत. टीव्हीतला आवाज, पण अंग असलेला, धाप लागणारा. चावडीतल्या कडुलिंबाखाली माणसं मागं सरकली, मग जागीच थांबली, मग एकमेकांकडं पाहू लागली.

“बयना!” सुधाकररावांचा आवाज चिरला. “तू?”

“मीच. कापसाच्या खोलीत म्हणत होती. त्या पोराचं मशीन चालू राह्यलं. इचारा कुलदीपले, मास्तरीणीनं फोन लावून देल्लाच हाये.”

“हे तिचं गाणं तुले कोणं शिकवलं?”

“तिनंच. जितेपणी. आमी दोघी एका जात्यावर बसलो हावो, तुमाले काय माहीत? तुमाले पीठ दिसते, दळणारीन दिसत नाही.”

मागं कोणी तरी फिसकन हसलं.

“अन् मास्तरीण? तवा तं पोर लहान होती!”

“थे म्या जोडलं. ओवीत जोडाले काय दरखास्त द्या लागते, दादा?”

आता हसू पसरलं. जाणत्यानं लिंबं परत पिशवीत घातली. कोंबडा ज्या चालीवर आरवला ती चाल ओळखणारी म्हातारी म्हणाली, मले तं पहिल्यापासून बयनाचाच वाटून राह्यला होता. देवानंद मात्र हसला नाही. तो चंपतकडं पाहत होता, मग पुढं येऊन त्यानं चंपतच्या हातावरची न पेटलेली वडी उचलून घेतली.

“जा काका, घरी जा,” तो म्हणाला.

गावाला भूत मिळालं आणि गेलंही. बयनाबाई जे खोटं बोलली ते गर्दीत फक्त दोन माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक माणूस आपल्या लेकीकडं पाहायचं टाळत होता.

७

घरी चंपत ओसरीत बसला. मैत्रीनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि समोरच भुईवर मांडी घातली.

“आई जिती हाये.”

चंपतनं तांब्या उचलला, ठेवला. “बयनानं सांगतलं?”

“मीच काढलं. तिनं नाही म्हणलं नाही.”

“मंग आता मीही कशाले म्हणू.” त्याच्या खांद्यातून काही तरी उतरल्यासारखं झालं; तो एकदम म्हातारा दिसला. “पैनगंगेच्या पल्याड हाये. भाजीचा मळा करते लोकाचा. म्या डोहाशी लुगडं टाकलं अन् तिले अंधारात नदीपार केली. जिती हाये कळलं असतं तं लोक तिथवर गेले असते.”

“अन् तुमी खुनी झाले.”

“खुन्याच्या बायकोले कोणी शोधत नाही, माय. पोलिसाले बयान देल्लं असतं तं सुटलो असतो. थे सुटली नसती.”

“तुमी जाता तिच्याकडं?”

“सरकी विकाले म्हणून जातो ना, थे तिच्याकडंच.”

मनातली भीती गेली होती. तिच्या जागी संताप आला होता.

“मले काऊन नाही सांगतलं? लहान होती, ठीक. तोंडातून निघालं असतं. पण मंग? मी नोकरीले लागली. मी तुमचे हात पाहत जेवली, बाबा, रोज! तुमाले दिसत नव्हतं? अन् तिनं मले एकदाही बोलावलं नाही. एक फोन नाही. बयनाकाकूले गाणं, अन् मले काहीच नाही? काय केलं होतं म्या?”

चंपतनं तांब्या जागच्या जागी फिरवला.

“सांगा ना. चावडीवर नाही बोलले, पोलिसात नाही बोलले. माह्यासमोरही नाही?”

“राहू दे, मैना.”

“काऊन?”

“तू आली का पहिलं हेच इचारशील, लोकायले तिच्यावर संशय कसा आला, अन् तिले खोटं बोलता येत नाही. म्हणून थे म्हणे, नको बोलावू. म्हणे, मले लेक नाही दिसली तं चालन, तिले हे नको दिसाले.”

“काय नको दिसाले?”

त्यानं तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं, सगळं, एका दमात. मग आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या डोळ्यात डोळे घालून, अगदी हळू, जसं झोपलेल्या लेकराला उठवतात तसं तो म्हणाला:

“देवानंद लय आजारी होता. तुह्या आईले त्याची लय माया. तिनं त्याचं नाव घेऊन मीठ-मोहऱ्या ओवाळल्या अन् चुलीत टाकल्या, त्याची दृष्ट जाऊ दे म्हणून. घरातल्या घरात. पाहाले तू एकटीच होती. अन् तू आनंदानं धावत पटेलाच्या अंगणात गेली, सगळ्यासमोर म्हणाली, माह्या आईनं देवानंदचं नाव घेऊन चुलीत टाकलं, आता पाहा काय होते थे. तुले म्हणाचं होतं, आता थो बरा होते. त्याच रात्री त्याले मोठा झटका आला, अन् लोकायले तुहं म्हणणं आठवलं.”